पुस्तिकेतलं प्रत्येक वाक्य कुठल्या कायद्यावर उभं आहे?

'महिन्यात तीन लेट मार्क झाल्यास अर्ध्या दिवसाचा पगार कापण्यात येईल.'

तुमच्या कंपनीच्या नियमपुस्तिकेत हे वाक्य असण्याची शक्यता बरीच आहे. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांपासून चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरीच्या शेडपर्यंत हे वाक्य एका पुस्तिकेतून दुसरीत उतरवलं जातं. एचआरला ते इतकं ओळखीचं झालेलं असतं की त्यामागे काही कायदा आहे का, असा प्रश्नच कुणाला पडत नाही.

आधी हिशोब करू. २६,००० रुपये पगार, २६ दिवस काम, रोज ८ तास. म्हणजे दिवसाचे १,००० रुपये आणि तासाचे १२५. माणूस महिन्यात तीनदा प्रत्येकी १५ मिनिटं उशिरा आला, म्हणजे ४५ मिनिटं गैरहजर राहिला. त्या ४५ मिनिटांचे होतात ९४ रुपये. पुस्तिका कापते ५००. कायदा म्हणतो की गैरहजेरीपोटी पगार कापायचा तर माणूस जितका वेळ कामावर नव्हता तितक्याच प्रमाणात कापा. वरचे ४०६ रुपये हा मग दंड झाला. दंड लावायचे नियम वेगळे आहेत. कोणत्या चुकांसाठी दंड लागणार याची यादी सरकारकडून मंजूर करून सूचना फलकावर लावावी लागते, माणसाला त्याचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांवर दंड जाता कामा नये, आणि जमा झालेली रक्कम कर्मचाऱ्यांच्याच हितासाठी वापरावी लागते. हे सगळं पाळून लेट मार्क लावणारी कंपनी माझ्या पाहण्यात आलेली नाही.

गंमत अशी की प्रमाणात कपात करायचा हा नियम नवा नाहीच. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यातही तो होता. पण तो कायदा ठरावीक आस्थापनांना आणि महिना २४,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांनाच लागू होता. त्याहून जास्त पगार असला की कायद्याचा हात तिथवर पोचत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ ला वेतन संहिता लागू झाली आणि ही पगाराची मर्यादा गेली. त्या दिवशी कुठल्याच पुस्तिकेतलं एक अक्षरही बदललं नाही. पण वर सांगितलेल्या २६,००० रुपयांच्या माणसाच्या बाबतीत तेच जुनं वाक्य बेकायदा ठरलं.

पॉलिसी कायद्याशी सुसंगत ठेवायची म्हणजे काय, हे या एका वाक्यात दिसतं. कायदे बदलतच राहणार. अडचण होते ती पुस्तिकेतलं कुठलं वाक्य कुठल्या कायद्यावर टेकलेलं आहे हे कंपनीत कुणालाच ठाऊक नसतं तेव्हा. मग एखादा कायदा बदलला की काय तपासायचं हेच कळत नाही. एकतर सगळी पुस्तिका नव्यानं लिहायचा घाट घातला जातो, नाहीतर काहीच होत नाही. बहुतेक ठिकाणी काहीच होत नाही.

बदल चार दारांनी येतो

पहिलं दार संसदेचं. २१ नोव्हेंबर २०२५ ला २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता आल्या: वेतन संहिता, औद्योगिक संबंध संहिता, सामाजिक सुरक्षा संहिता आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीची संहिता. यातली पहिली २०१९ ची, उरलेल्या तीन २०२० च्या. मंजुरी आणि अंमलबजावणी यांत पाच-सहा वर्षं गेली. त्या काळात 'एक तारखेपासून नवा लेबर कोड, हातातला पगार कमी होणार' असे मेसेज व्हॉट्सॲपवर किती वेळा फिरले असतील! काही कंपन्यांनी ते वाचून पगाराची रचना बदललीसुद्धा. म्हणून कायदा मंजूर झाल्याची तारीख आणि लागू झाल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मनावर कोरून ठेवा. राजपत्रात अंमलाची तारीख छापून येत नाही तोवर पुस्तिकेला हात लावायचा नाही, फक्त तयारी करायची.

दुसरं दार राज्याचं. कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही त्यावर कायदे करतात. दुकानं आणि ऑफिसं यांच्यासाठी महाराष्ट्राचा स्वतःचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम आहे, ज्याच्या नोंदणीला लोक अजून गुमास्ता म्हणतात. बेंगळुरू किंवा गुरुग्रामच्या मुख्य ऑफिसातून आलेली पुस्तिका पुण्यात जशीच्या तशी का चालत नाही, याचं कारण हेच. पगारी सुट्ट्यांच्या यादीत १ नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव दिसला की समजायचं, ही पुस्तिका आपल्यासाठी लिहिलेली नाही.

तिसरं दार नियम आणि अधिसूचनांचं. इथून येणारे बदल लहान असतात, आवाज न करता येतात आणि सर्वांत जास्त वेळा येतात. महाराष्ट्रात किमान वेतनातला महागाईशी जोडलेला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ झाला, आधी ही मर्यादा १०,००० होती. पेरोल सॉफ्टवेअरमध्ये हा बदल न केल्यामुळे एखाद्या बाईच्या पगारातून दरमहा २०० रुपये उगाच जात राहिले, तर ती तक्रार करायला येत नाही. तिला माहीतच नसतं. म्हणून हे बघणं कंपनीचंच काम.

चौथं दार कोर्टाचं. कार्यस्थळी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचे नियम आधी १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालातून आले. कायदा आला २०१३ मध्ये. मधली सोळा वर्षं तो निकाल हाच कायदा होता. ज्यांच्या पुस्तिकेची नजर फक्त संसदेकडे होती त्यांना तो दिसलाच नाही.

आकड्यांचा गुंता

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दुकाने व आस्थापना अधिनियमातल्या बदलांना मान्यता दिली आणि ऑक्टोबरमध्ये अध्यादेश निघाला. त्यात दोन मोठ्या गोष्टी होत्या. एक म्हणजे कायद्याच्या मुख्य तरतुदी आधी १० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होत्या, तो आकडा २० झाला. दुसरी म्हणजे रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० झाली आणि तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ तासांवरून १४४.

बातमी वाचून अनेक मालकांनी दोन निष्कर्ष काढले आणि दोन्ही चुकीचे.

पहिला निष्कर्ष: आता सगळ्यांना रोज १० तास बोलावता येईल. पण आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच आहे. सहा दिवस रोज १० तास म्हणजे ६० तास, म्हणजेच आठवड्याला १२ तास ओव्हरटाइम, आणि तो दुप्पट दरानं. तीन महिन्यांत साधारण १३ आठवडे येतात. १२ गुणिले १३ म्हणजे १५६ तास, आणि मर्यादा १४४ ची. मग कर्मचाऱ्याची तयारी असली, पैसे दुप्पट दिले, तरी सबंध तिमाही असं काम करून घेणं कायद्यात बसत नाही. ही १० तासांची सोय अधूनमधून वापरायची आहे, किंवा आठवड्यात कमी दिवस काम ठेवणाऱ्यांसाठी आहे.

दुसरा निष्कर्ष: आमच्याकडे १४ जण आहेत, म्हणजे आम्ही कायद्यातून सुटलो. दुकाने अधिनियमाच्या बऱ्याच तरतुदींतून सुटलात, हे खरं. पण प्रत्येक कायद्याचा आपला वेगळा आकडा असतो. लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती १० कर्मचाऱ्यांपासून. ग्रॅच्युइटी १० पासून. ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा, १० पासून. पीएफ २० पासून. तक्रार निवारण समिती २० कामगारांपासून. पाळणाघर ५० पासून. स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे कामाच्या अटी आणि शिस्तीचे स्थायी आदेश, नव्या संहितेत ३०० पासून. चौदा जणांची ती फर्म पॉश (लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा), ग्रॅच्युइटी आणि ईएसआय या तिन्हींत अजून आहेच.

आणि त्या चौदा जणांच्या नियुक्तीपत्रात वर्षाला ८ सीएल (किरकोळ रजा) आणि दर २० दिवसांच्या कामामागे एक पीएल (अर्जित रजा) लिहून दिली असेल, तर कायद्याचा आकडा बदलला म्हणून ती रजा नाहीशी होत नाही. ती आता करारानं दिलेली आहे. कायदा तुम्हाला खाली किती उतरता येणार नाही एवढंच सांगतो. वर किती जायचं ते तुम्ही ठरवता, पण एकदा वर जाऊन दिलेलं मनाला येईल तेव्हा काढून घेता येत नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

'वेतन' म्हणजे किती?

चार संहितांमधला सर्वांत खोल बदल कुठला, असं विचारलं तर मी वेतनाच्या व्याख्येकडे बोट दाखवेन. पुस्तिकेत जिथे जिथे 'बेसिकवर', म्हणजे मूळ पगारावर, असं लिहिलंय, ती सगळी वाक्यं या एका व्याख्येनं हलली आहेत.

आपल्याकडे सीटीसी, म्हणजे कंपनीचा माणसामागचा एकूण खर्च, फुगवून दाखवायची आणि बेसिक बारीक ठेवायची ही जुनी रीत. बेसिक कमी असली की ग्रॅच्युइटी कमी, रजेचे पैसे कमी, ओव्हरटाइम कमी. नव्या व्याख्येत घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, कमिशन, मालकाचा पीएफचा हिस्सा अशा काही रकमा वेतनातून वगळल्या आहेत. मात्र वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरची रक्कम परत वेतनात धरायची.

सेल्समधला एक माणूस घेऊ. बेसिक १२,०००, घरभाडे भत्ता १४,०००, प्रवास भत्ता ८,०००, कमिशन ६,०००. एकूण ४०,०००. वगळलेल्या रकमा २८,०००. निम्मे म्हणजे २०,०००. वर गेलेले ८,००० वेतनात मिळवायचे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं याचं वेतन १२,००० नसून २०,००० आहे. दहा वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी काढायची तर शेवटचं वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. जुन्या हिशोबानं ६९,२३१ रुपये. नव्या हिशोबानं १,१५,३८५. फरक ४६,१५४ रुपयांचा, एका माणसामागे. हे पैसे त्या माणसाच्या मुलीच्या कॉलेजची फी असू शकतात, आणि पुस्तिकेत 'ग्रॅच्युइटी बेसिकवर' एवढे दोन शब्द राहिले म्हणून ते बुडू शकतात.

आणखी एक बारकावा पगाराच्या स्लिपवर लपलेला असतो. 'स्पेशल अलाउन्स' नावाची मोठी रक्कम बऱ्याच कंपन्या देतात, कारण तिला काही नाव द्यायचं सुचत नाही. वगळायच्या यादीत हे नाव कुठेच नाही. यादीत नसलेलं सगळं वेतनात धरलं जाईल हे गृहीत धरूनच तरतूद करा. आपण म्हणू तो भत्ता वगळता येईल असा भ्रम ठेवून बसलात तर पाच वर्षांनी थकबाकी आणि व्याज एकदमच समोर येईल.

याच ओघात ठरावीक मुदतीच्या नेमणुकांचंही बघा. 'मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांस ग्रॅच्युइटी लागू नाही' हे वाक्य अनेक पुस्तिकांत आहे, कारण जुन्या कायद्यात पाच वर्षांची अट होती आणि दोन वर्षांच्या करारावर ती कधी पुरीच होत नसे. सामाजिक सुरक्षा संहितेनुसार मुदतीच्या थेट नेमणुकीवर असलेल्याला एका वर्षानंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. ते वाक्य आजच खोडा. ठेकेदारामार्फत आलेले कामगार हा वेगळा वर्ग आहे, त्यांच्याशी याची गल्लत करू नका.

शेवटचा दिवस

नोकरी सोडणाऱ्या माणसाचं फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशोब, ४५ दिवसांत होईल, असं लिहिलेलं असतं. कुठे ६०, कुठे 'पुढील पेरोल सायकलमध्ये'. वेतन संहिता सांगते की राजीनामा असो, बडतर्फी असो, नोकरकपात असो, थकलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत दिलं पाहिजे. जुन्या कायद्यात ही घाई फक्त मालकानं काढून टाकलेल्यांसाठी होती. आता स्वतः सोडणाऱ्यालाही तोच हक्क आहे. ग्रॅच्युइटीसाठी मात्र ३० दिवसांची मुदत कायम आहे.

दोन दिवसांत कसं जमणार, असं अकाउंट्सवाले लगेच म्हणतात. जमतं. नोटीस पिरियड महिन्याचा असेल तर लॅपटॉप, आयडी कार्ड, ॲडव्हान्स, रजेचा शिल्लक हिशोब हे सगळं शेवटच्या आठवड्यात उरकता येतं. आज होतं काय, तर माणूस गेल्यावर एनओसीचा कागद एका टेबलवरून दुसऱ्या टेबलवर फिरायला लागतो. पॉलिसीत तारीख बदलण्याआधी ही पद्धत बदलावी लागते. पद्धत न बदलता नुसतं 'दोन दिवसांत' असं छापलं तर पुस्तिका कायदेशीर होईल आणि कंपनी दर महिन्याला तीच पुस्तिका मोडेल.

लॅपटॉप फुटला म्हणून परस्पर पैसे कापायची तरतूदही तपासा. नुकसानीपोटी कपात करता येते, पण झालेल्या नुकसानीइतकीच, आणि माणसाला खुलासा करायची संधी दिल्यावर.

समिती कागदावर जिवंत असते

पॉशबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे चूक झाली की एखाद्या स्त्रीच्या आयुष्याची वर्षं जातात.

पुस्तिका किती जुनी आहे ते पाहायची एक सोपी खूण आहे. तिच्यात 'अंतर्गत तक्रार समिती' असं नाव असेल तर मजकूर २०१६ च्या आधीचा आहे. त्या वर्षी दुरुस्ती होऊन नाव 'अंतर्गत समिती' असं झालं. तसंच प्रसूती रजा १२ आठवडे लिहिलेली असेल तर मजकूर १ एप्रिल २०१७ च्या आधीचा, कारण त्या दिवसापासून पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे झाली. ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा १० लाख असेल तर मार्च २०१८ च्या आधीचा. एवढ्या तीन गोष्टी बघितल्या तरी पुस्तिकेला शेवटचा हात कधी लागला ते कळतं.

आता सूचना फलकाजवळ जा. तिथे समितीची यादी लावलेली असते. अध्यक्ष म्हणून ज्या वरिष्ठ बाईंचं नाव आहे त्या दुसऱ्या कंपनीत गेल्या आहेत. बाहेरच्या सदस्याच्या नावापुढचा नंबर लागत नाही. एका सदस्याची बदली नाशिकला झालेली. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते आणि ती उलटून गेली आहे. कागदावर समिती आहे, तक्रार घेऊन जायला मात्र कुणीच नाही. आणि तक्रारीला मुदत असते: घटनेपासून तीन महिने, योग्य कारण असेल तर आणखी तीन. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. बंद पडलेल्या समितीच्या दारात यातले किती दिवस वाया जातील याचा विचार करा.

गोवा विद्यापीठातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १२ मे २०२३ ला त्याचा निकाल लागला. २००९ मध्ये एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या होत्या, समितीनं चौकशी केली, त्याला बडतर्फ केलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं ती कारवाई रद्द केली, कारण चौकशी अवाजवी घाईनं झाली होती आणि त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नव्हती. प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं. तक्रार करणाऱ्या मुलींच्या बाजूनं बघा: चौदा वर्षांनी चौकशी पुन्हा २००९ च्याच टप्प्यावर. तक्रारीत तथ्य किती हा मुद्दा बाजूलाच राहिला, प्रक्रिया चुकली म्हणून. त्याच निकालात न्यायालयानं देशभरातल्या अंमलबजावणीबद्दल खंत व्यक्त केली आणि ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांनी समितीच स्थापली नसल्याच्या बातमीचा उल्लेख केला.

तेव्हा पॉश पॉलिसीत 'आम्ही छळ खपवून घेत नाही' हे वाक्य हवंच, पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तक्रार कोण घेईल, समोरच्याला कागदपत्रं कधी मिळतील, साक्षीदारांना प्रश्न कसे विचारले जातील, अहवाल किती दिवसांत, हे नीट लिहिलेलं हवं आणि समितीच्या सदस्यांना ते शिकवलेलं हवं. जुलै २०२५ पासून, कंपनी कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या छोट्या कंपन्या सोडून बाकीच्या कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात अशा तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती ९० दिवसांहून जास्त काळ पडून आहेत, हे आकडे द्यावे लागतात. म्हणजे फलकावरची मेलेली यादी आता थेट संचालकांच्या टेबलावर पोचते.

बदलायचं कसं?

सोमवारी सकाळी सगळ्यांना मेल: 'सुधारित पॉलिसी आजपासून लागू.' असं करता येत नाही, निदान कामगारांच्या व्याख्येत येणाऱ्यांच्या बाबतीत तरी नाही. वेतन, कामाचे तास, सुट्ट्या, शिफ्ट, शिस्तीचे नवे नियम, वर्षानुवर्षं मिळत आलेली एखादी सवलत काढून घेणं, यांत बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हीच अट होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. युनियनशी झालेल्या करारातूनच बदल आला असेल तर वेगळी नोटीस लागत नाही.

यातलं 'वर्षानुवर्षं मिळत आलेली सवलत' हे शब्द लक्षात ठेवा. दिवाळीला मिठाईचा डबा आणि एक दिवसाची जादा सुट्टी पुस्तिकेत कुठेही लिहिलेली नसते. पण पंधरा वर्षं दिली असेल तर ती प्रथा झाली. सुधारणा करणाऱ्या तरुण एचआरला ती कागदावर सापडत नाही म्हणून ती वगळली जाते, आणि कंपनीत पहिलं भांडण तिथूनच सुरू होतं. जुन्या सुपरवायझरशी आणि युनियनच्या माणसांशी आधी बोला. कागदात नसलेली पॉलिसी त्यांच्याकडे असते.

भाषेचंही तेच. स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत, कामगार ये-जा करतात त्या जागी लावायची अट १९४६ च्या कायद्यापासून आहे. तरीही शॉप फ्लोअरवर मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या माणसांच्या सह्या ४० पानी इंग्रजी पीडीएफवर घेतल्या जातात. मला हे मनापासून खटकतं. ज्या नियमानं एखाद्याची नोकरी जाऊ शकते तो नियम त्याला वाचता आला पाहिजे. चौकशी उभी राहिली की कामगाराचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो: या नियमाची याला कल्पना होती का?

आता रोजच्या कामाची रीत सांगतो. पुस्तिकेची एक मूळ प्रत ठेवा, कर्मचाऱ्यांना न देता फक्त एचआरसाठी. तिच्यात प्रत्येक कलमाच्या बाजूला समासात चार नोंदी करा: हे कलम कुठल्या कायद्यावरून आलं, तो किती माणसांपासून लागू होतो, आपण कायद्याइतकं देतो की जास्त, आणि शेवटचं कधी तपासलं. 'सीएल ८ दिवस' यापुढे 'दुकाने अधिनियम २०१७' असं लिहिलेलं असेल, तर त्या अधिनियमात बदल झाल्याची बातमी आल्यावर कुठली सहा कलमं उघडायची हे पाच मिनिटांत कळतं. काही कलमांपुढे कुठलाच कायदा लिहिता येणार नाही. ती कंपनीची आपली इच्छा, आणि ती सोयीनं बदलता येतात, अर्थात नोटिशीची अट सांभाळून. आणि काही कलमं अशी निघतील की त्यांच्यामागे कायदा नाहीच, उलट कायद्याच्या विरुद्ध आहेत. लेट मार्कचं कलम त्यांत पहिलं.

मग भिंतीवर कॅलेंडर. जानेवारी आणि जुलै, किमान वेतन. राज्याचं बजेट आणि अधिवेशनं, त्यांच्यानंतरचं राजपत्र. समितीच्या सदस्यांची मुदत संपायची तारीख, तीन महिने आधीच्या आठवणीसह. पॉशचा वार्षिक अहवाल. मतदानाच्या दिवसाची पगारी सुट्टी, जी निवडणूक लागली की आठवते आणि निवडणूक झाली की विसरली जाते. पुढच्या काळात लागू होणाऱ्या गोष्टीही इथेच लिहायच्या. वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये राजपत्रात आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी नियमांतच १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. कर्मचाऱ्यांच्या आधारच्या झेरॉक्स कुठल्या कपाटात आहेत, उमेदवारांचे बायोडेटा किती वर्षं मेलमध्ये पडून आहेत, बायोमेट्रिक हजेरीचा डेटा कुठल्या एजन्सीकडे आहे, हे आवरायला एवढा वेळ लागतोच.

संहितांच्या बाबतीत मधल्या काळाची एक खुबी आहे. नवे नियम पूर्ण बसेपर्यंत जुन्या नियमांचा अंमल चालू राहील असं केंद्र सरकारनं लागू करतानाच सांगितलं. म्हणून काही बाबतींत नोंदवह्या आणि फॉर्म जुने, पण हक्क नवे, अशी स्थिती येते. अशा वेळी दोन अर्थ निघत असतील तर कर्मचाऱ्याला जास्त देणारा अर्थ धरून पुस्तिका लिहा. जास्त दिलं म्हणून कुणी कोर्टात खेचत नाही.

शेवटची गोष्ट अगदी कारकुनी आहे, पण केसमध्ये तीच उपयोगी पडते. नवी पुस्तिका केली की जुनी फाइल ओव्हरराइट करू नका. प्रत्येक आवृत्तीवर लागू झाल्याची तारीख, कुठल्या बदलामुळे केली त्याची एक ओळ, नोटीस लावल्याचा फोटो आणि पोच, हे सगळं एकत्र ठेवा. २०२४ मध्ये घडलेल्या गैरवर्तनाची चौकशी २०२७ मध्ये उभी राहिली तर लेबर कोर्ट २०२४ ची पुस्तिका मागेल, आणि ती तुमच्याकडे नसेल तर कामगाराच्या पिशवीत असलेली प्रत हीच तेवढी पुरावा राहील.